पाच ते सातची शाळा

शाळा पाच वाजता सुटायची आणि आमची शाळा पाच वाजता भरायची. बंदराकडच्या त्या सरकारी शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही. ती आता तिथे नाहीच. पट कमी झाला म्हणून दुसऱ्या शाळेत मिसळून टाकली, आणि परवा रिक्षाने तिथून गेले तेव्हा व्हरांड्यात कुणीतरी जाळी वाळत घातली होती. पण तेव्हा पाचची घंटा झाली की निम्मी मुलं दप्तर उडवत घरी पळायची आणि निम्मी तिथेच राहायची, कारण त्यांच्या घराला कुलूप असायचं. वडील लाँचवर नाहीतर मुंबईत, आणि आई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. शेड सुटायची सातला. या दोन तासांत मुलं जेटीवर भटकतात, कुणी पाण्यात पडतं, मोठ्या मुली हळूहळू शेडमध्येच जाऊन बसतात आणि मग शाळेत दिसत नाहीत, हे राणे गुरुजींनी पाहिलं होतं. ते तिथले मुख्याध्यापक. गावच्या मुंबईकर मंडळींच्या मागे लागून त्यांनी सतरंज्या, एक पत्र्याची पेटी आणि दोन ताईंचं मानधन मिळवलं आणि हा वर्ग सुरू केला. त्या दोन ताईंपैकी एक मी.

मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसले होते. आमचं बिऱ्हाड एस.टी. स्टँडच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. अण्णा कंडक्टर. स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारायचे ते आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायचं, आणि आईचा सगळा दिवस त्यावर चालायचा. देवरुख गाडी लागली की ती पेजेचा तांदूळ धुवायची, संध्याकाळची वेळणेश्वर मुक्कामी सुटली की कुळथाच्या पिठीला फोडणी. घड्याळ भिंतीवर होतं, पण ते बंद पडलं तरी आम्हाला चार-चार दिवस कळायचं नाही. अण्णा ड्यूटीवरून आले की आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, मग उकड्या तांदळाचा भात, पिठी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा, आणि जेवता जेवता मला रोजचाच प्रश्न. "भरतीचं काय कळलं?" काही कळलेलं नसायचं. मग ते बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत बसायचे. मला ती ओळ बघवायची नाही.

राणे गुरुजी अण्णांच्या गाडीने येजा करायचे. त्यांनीच एक दिवस तिकीट घेताना विचारलं, तुमच्या मुलीला पाठवता का. अण्णांना ते पटलं नव्हतं. "शाळा सुटल्यावर पोरं राखायची, ह्याला काय शिक्षिका म्हणतात?" असं ते आईला म्हणाले, आणि मी आतल्या खोलीत होते तरी मला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाले. मलाही मनातून तेच वाटत होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

दुसरी ताई रेहाना. राजिवड्याकडून सायकलने यायची, ओढणी कंबरेला खोचून. बारावीनंतर तिने काही शिक्षण घेतलं नव्हतं, पण चाळीस मुलांना एका नजरेत मोजणारी बाई मी तिच्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. शाळेला लागून बर्फाचा कारखाना होता. बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की भिंती थरथरायच्या. मुलं त्या आवाजावर आवाज चढवून पाढे म्हणायची आणि यंत्र एकदम थांबलं की "सात सक बेचाळीस" असं कुणीतरी एकटंच किंचाळत राहायचं. मग सगळी हसत सुटायची. साडेपाचला चुरमुरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मुलांच्या हातांना माशांचा वास असायचा, तो गुळाला लागायचा, गूळ खाऊन झाल्यावर वह्यांना लागायचा. घरी गेले की आई म्हणायची, आधी न्हाणीत जा. पहिल्या महिन्यात मी तो वास घासून घासून काढत असे. पुढे तो मला येईनासाच झाला.

मुलांत एक सुगंधा होती, सहावीतली. शेडमध्ये काम करणाऱ्या लक्ष्मीची मुलगी. कंबरेवर चार वर्षांच्या भावाला घेऊन यायची, त्याला छोट्या म्हणायचे. छोट्याला सतरंजीवर सोडायची आणि गणितं मागायची. मागायची म्हणजे अक्षरशः हात पुढे करायची, खाऊ मागावा तशी. वर्गात शिकवलेलं संपलं की सातवीचं, ते संपलं की मी रात्री बसून तिच्यासाठी गणितं तयार करायची. पुढच्या वर्षी तिला स्कॉलरशिपला बसवायचं असं आमचं ठरलं होतं. "पास झालं तर काय होतं गो ताई?" तिने एकदा विचारलं. मी सांगितलं, पुढच्या शिक्षणाला सरकार मदत करतं, पेपरात नाव येतं. पेपरात नाव येतं हे तिला जास्त आवडलं. तिने आईला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी लक्ष्मी शेडमधून सुटून ओल्या लुगड्यानेच आली आणि दारातून म्हणाली, "बाय, पेपरात नाव येताला तवा मना आदी सांग. मी आमच्या घोवाला मुंबैला फोन करीन." तिचा नवरा मुंबईला गोदीत होता.

पावसाळा लागता लागता राणे गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी कदम सर आले. कदम सर वाईट नव्हते. स्वच्छ कपड्यांचे, घाबरट, निवृत्तीला थोडे दिवस उरलेले गृहस्थ. शाळा सुटल्यानंतर शाळेच्या आवारात चाळीस मुलं असतात हे कळलं तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि पुढच्या काही महिन्यांत ते मी इतक्या वेळा ऐकलं की स्टँडवरच्या भोंग्यासारखं मला पाठ झालं.

त्याच सुमाराला रेहानाचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला. जायच्या आधी तिने मला एक वही दिली. कोण कोणाबरोबर घरी जातं, कुणाला दमा आहे, कुणाला कुत्र्याची भीती, कुणाची आई सातऐवजी साडेसातला येते, कुणाच्या काकाच्या हाती मूल द्यायचं नाही. ते शेवटचं तिने लाल शाईने लिहिलं होतं. "वही हरवू नको हां," ती म्हणाली, "आणि एकटी राहू नको. दुसरी कोण तरी बघ लगेच." मी हो म्हटलं.

दुसरं माणूस शोधणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आधी एक बी.ए. झालेली मुलगी आली, चार दिवसांनी वासाने डोकं दुखतं म्हणून सांगून गेली. मग एक निवृत्त पोस्टमन आले. त्यांचं अक्षर असं की मुलं फळा पुसू द्यायची नाहीत. पण त्यांचा मुलगा डोंबिवलीहून आला आणि त्यांना घेऊन गेला; म्हातारपणी बंदरावर पोरं राखताय, लोक काय म्हणतील. मग पोलीसभरतीची वाट बघणारा एकजण आला. तो मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा, मुलं त्याच्यावर खूश होती. त्याची भरती निघाली. ज्याला त्याला दुसरीकडे जायचं होतं आणि आमचा वर्ग म्हणजे वाटेवरचा थांबा. मी कुणाला नावं ठेवावीत? मीही तिथे गाडीची वाट बघतच बसले होते. मुंबईच्या मंडळाला मी पत्रं लिहिली. उत्तर आलं, की स्थानिक पातळीवर योग्य व्यक्ती मिळाल्यास मंडळाची हरकत नाही.

आणि मग एका संध्याकाळी छोट्या सापडेना. मी एकटीच होते. मागच्या बाजूला दोघांची मारामारी लागली, एकाचं नाक फुटलं, ते धुऊन मी व्हरांड्यात आले आणि सवयीने मोजलं तर एक कमी. परत मोजलं. सुगंधा गणित सोडवत होती, तिने मान वर केली आणि माझा चेहरा बघून वही टाकून धावत सुटली. आम्ही संडास बघितले, कारखान्याच्या मागे बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. ती विहीर मला अजून कधीकधी दिसते, कारण नसताना, भाजी निवडताना सुद्धा. मोठी मुलं जेटीकडे पळाली. मी त्यांच्या मागे जाऊ शकत नव्हते, कारण मग बाकीच्या पस्तीसजणांजवळ कोण? मी फाटकात उभी राहिले, एक पाय आत आणि एक बाहेर.

सुगंधालाच तो सापडला. जेटीवर रिकाम्या टोपल्यांची रास होती, त्यातल्या एका टोपलीत जाळ्याचा तुकडा अंगावर ओढून गाढ झोपला होता. टोपलीच्या पुढे चार पावलांवर पाणी. ती त्याला कंबरेवर घेऊन आली तेव्हा रडत नव्हती, माझ्याकडे बघतही नव्हती. सातला लक्ष्मी आली. मी सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते; ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू एकटी गो बाय. किती जणांवर डोले ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी कदम सरांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत दोन जबाबदार माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर किल्ली मिळणार नाही. आणि त्याच आठवड्यात, ज्या गाडीची मी दोन वर्षं वाट बघत होते ती लागली. माझी ऑर्डर आली. मंडणगडच्या बाजूचं एक डोंगरातलं गाव, शिक्षणसेवक. अण्णांनी तो कागद तीनदा वाचला, घडी घालून देवापुढे ठेवला आणि आईला म्हणाले, आज पापलेट आण. पापलेट आमच्याकडे पाहुणे आले तरच यायचं. अण्णांनी त्या दिवशी काट्यांची ओळ लावली नाही. मी पोटभर जेवले. हेही लिहून ठेवते.

महिनाअखेरीला शनिवारी दुपारी कदम सरांच्या खोलीत मी रजिस्टर आणि किल्ली द्यायला गेले होते. वर्ग बंद, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात दारात चौघी येऊन उभ्या राहिल्या. लक्ष्मी, वर्गातल्या नजमाची आई, आणि आणखी दोघी आया. शेडमधून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन आलेल्या, हात लुगड्याला पुसत. कुणी खोलीत पाऊल टाकेना. लक्ष्मीने ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला आणि सरांकडे धरला. सुगंधाच्या अक्षरातला कागद. सोमवार, आई. मंगळवार, नजमाची अम्मी. बुधवार, पार्वतीकाकी. असे शनिवारपर्यंत वार लावलेले, प्रत्येक नावापुढे जोडीला आणखी एकीचं नाव, आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, मोठी मुलं लहानांचा अभ्यास घेतील.

"मुकादमाला विचारलाव आमी," लक्ष्मी म्हणाली. "आळीपाळीन दोगी दोगी पाचला सुटू. त्याची हरकत नाय. आमी बसू पोरांजवल. बाय जातंय तर जाऊ दे, तिचा बरा होऊ दे. वर्ग बंद नको करू सायब."

कदम सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं होतं, ते लगेच नाही म्हणतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात, एवढे दिवस वर्ग तुम्ही सांभाळलात. ह्यांच्यावर सोपवला तर चालेल का? तुम्ही चालेल म्हणालात तर मी दिवाळीपर्यंत चालवून बघतो."

मला विचार करायला वेळ होता. घाईत तोंडून निसटलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण ते खरं नाही. बर्फाचं यंत्र सुरू होतं, ते थांबेपर्यंत मी गप्प राहिले. मग म्हटलं, "नाही चालणार, सर. ह्यांना वाचता येत नाही. शिकवणार काय त्या?"

यंत्र थांबलेलं असल्यामुळे ते दारापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

का म्हटलं? ती विहीर माझ्या डोळ्यांसमोर होती, हे खरं. मी गेल्यावर काही झालं तर माझ्या शब्दावर झालं असं होईल, ही भीतीही खरी. पण त्याच्या खाली दुसरं होतं, आणि ते आता सांगायला हरकत नाही, अण्णाही गेले आणि कदम सरही. जे काम त्या अंगठा उठवणाऱ्या बायका आळीपाळीने करू शकत होत्या, ते मी डी.एड. होऊन दोन वर्षं करत होते असं ठरलं असतं. पोरं राखायची. मला ते ठरायला नको होतं. आज मुलांना शिकवून इतकी वर्षं झाल्यावर मला ठाऊक आहे, की पाच ते सातमध्ये त्या मुलांना माझ्याकडून शिकायचं होतं ते थोडंच होतं. त्यांना उघडं दार आणि मोजणारं एक मोठं माणूस हवं होतं. चाळीसजणांना मोजायला वाचता यावं लागत नाही. त्या बायका दिवसभर शेडमध्ये सोललेल्या कोळंबीचे ट्रे मोजून देत होत्या, दुसरं काय करत होत्या?

नजमाची आई हलकेच म्हणाली, "चला, ट्रे भरायचेत." कागद टेबलावरच राहिला. कदम सरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मी ऐकला, आणि त्यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.

त्या संध्याकाळी मी मुलांना सांगितलं. लहान मुलांना कळलं नाही; त्यांनी विचारलं, मग चुरमुरे? मी पेटीत होते तेवढे सगळे वाटून टाकले. रेहानाची वही कुणाला द्यावी ते कळेना, म्हणून ती मी घरी आणली. सुगंधाने त्या दिवशी गणितं मागितली नाहीत. तिने सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या, छोट्याला उचललं आणि सातची वाट न बघता निघून गेली.

मंडणगडच्या शाळेत मी रुजू झाले. एका खोलीची शाळा, मागे करवंदीच्या जाळ्या, समोर कातळ. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा तिसऱ्या दिवशी आईला काही न सांगता बंदरावर गेले. शाळेला कुलूप होतं. फाटकावर बसलेल्या एका मुलाने सांगितलं, सुगंधा शेडमध्ये असते. शाळेत? "न्हाय येत आता. छोट्याला पन घेऊन जातंय थय."

शेडमध्ये मी पूर्वी कधी गेले नव्हते. दोन वर्षं मुलांच्या हाताला येणारा तो वास इथून यायचा. लांब पत्र्याखाली बायका दोन रांगांत उकिडव्या बसलेल्या, मध्ये कोळंबीचे बर्फातले ढीग, आणि वितळलेलं पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहत असलेलं. कुणी बोलत नव्हतं, फक्त सालं पडल्याचा बारीक आवाज. सुगंधा आईच्या शेजारी होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. छोट्या मागे पालथ्या क्रेटवर बसून पाय हलवत होता, त्याच्या कंबरेला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक खांबाला बांधलेलं.

लक्ष्मीने मला बघितलं आणि लगेच उठली. एक क्रेट रिकामा केला, पुसला, माझ्यापुढे उपडा ठेवला. "बसा बाई. कवा आलाव? नोकरी बरी हाय मा?" तिच्या बोलण्यात कुठेही काही नव्हतं. फक्त एवढंच, की आतापर्यंत ती मला बाय म्हणायची आणि अगंतुगं करायची.

मी सुगंधाला म्हटलं, की स्कॉलरशिपचे फॉर्म निघायचेत, मी कदम सरांशी बोलेन, मी पुस्तकं पाठवीन, सुट्टीत येऊन शिकवीन. म्हणता म्हणता मला माझंच ऐकू येत होतं. ती ऐकत होती. हात चाललेच होते. डोकं मोडायचं, साल ओढायचं, धागा काढायचा. किती चटकन शिकली होती.

"तुमच्या शाळंत पोरां किती?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"आनि बाई तुमी एकल्याच?"

"एकटीच."

"मग जमतं एकलीला?"

मी म्हटलं, "जमतं."

तिने मान हलवली, उत्तर बरोबर आल्यावर हलवायची तशी, आणि पुढचा ढीग स्वतःकडे ओढला. बर्फाचं पाणी उसळून माझ्या पायापर्यंत आलं. लक्ष्मी म्हणाली, "गो, बाईंच्या साडीवर पाणी उडतंय. जरा पलीकडं सरक."

ती सरकली.